पोक्सो प्रकरणातली भरपाई: निकालापर्यंत थांबू नका

ताई, तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींची मुलगी १६ वर्षांची, पोक्सोचा (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरोधी कायद्याचा) गुन्हा नोंदवून दोन महिने झाले, ‘पैसे निकालानंतरच’ असं त्यांना कुणीतरी सांगितलंय आणि एक एजंट टक्केवारी मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. निकालापर्यंत थांबायची गरज नाही आणि एजंटला एक रुपयाही द्यायचा नाही.

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिला आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आधी फोन करायचा तर १५१००. अत्याचारग्रस्त महिला आणि मुलांना राज्य सरकार आर्थिक मदत देतं, त्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच द्यायचा. योजना २०१३ची, पण २०१७च्या अखेरीस ती सुधारली आणि कमाल रक्कम १० लाख झाली. ती सरसकट मिळत नाही, इजा आणि परिणाम पाहून ठरते. म्हणून समुपदेशनाचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, शाळा बुडाल्याचा दाखला, सगळं जोडा. उपचार मात्र सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफतच द्यायचे असतात.

मुलगी अल्पवयीन असल्याने पोक्सोचं विशेष न्यायालयही अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या, भरपाईचा आदेश देऊ शकतं (पोक्सो नियम २०२०, नियम ९). गुन्हा नोंदवल्यानंतर केव्हाही अर्ज चालतो आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम द्यायची असते. अंतरिम रक्कम पुढे अंतिम भरपाईतून वजा होते, हे मावशींना आधीच सांगून ठेवा. आरोपी सापडला नाही किंवा सुटला, तरी भरपाईचा विचार करता येतो.

एक तरतूद फार कमी जण वापरतात, याचं वाईट वाटतं. नियम ८ प्रमाणे जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी बालकल्याण समिती रक्कम सुचवू शकते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्यात ती द्यायची असते. तारखेला यायचं म्हणजे मावशींचा खाडा आणि रिक्षाचं भाडं, तेव्हा लेखी मागा. त्याच अर्जात तपासात आणि खटल्यात मुलीला साथ देणारी सहायक व्यक्तीही मागून घ्या.

कुटुंब अनुसूचित जाती-जमातीचं असेल, आरोपी त्या समाजाचा नसेल आणि अॅट्रॉसिटीची कलमं लागली असतील, तर समाजकल्याण विभागाकडून वेगळी मदत असते. बलात्कारात ती ५ लाख: निम्मी वैद्यकीय तपासणी आणि अहवालानंतर, पाव आरोपपत्रावर, पाव खालच्या कोर्टाच्या निकालानंतर. ती कलमं एफआयआरमध्ये आहेत का, ते आजच बघा.

अर्जासोबत एफआयआरची प्रत (पोलिसांनी ती मोफत द्यायची असते), वैद्यकीय कागद, वयाचा पुरावा, आधार, पासबुकाचं पहिलं पान. पैसे अडकतात ते बहुतेकदा बँकेत. आधार, पासबुक आणि एफआयआर यांत नावाचं स्पेलिंग वेगळं निघतं. केवायसी अपुरं असलेल्या छोट्या खात्यात वर्षाला १ लाखापलीकडे जमाच होत नाही. खातं मुलीच्या नावाने उघडा, पालक म्हणून आई. आरोपी घरातलाच असेल तर त्याचा हात पोचेल असं संयुक्त खातं अजिबात नको. भरपाईचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो. शिक्षण किंवा उपचारासाठी मध्येच लागला तर कारण लिहून प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

मुलीचं नाव किंवा कागदांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर मदतीसाठीही टाकू नका, तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख असू द्या. महिन्याभराने चौकशीला जाल तेव्हा खिडकीवर आधी तो क्रमांकच विचारतील.