ब्लॉक शिवून झाले, आता जोडायचे कसे?

प्रश्न: ताई, जुन्या सुती साड्या आणि ड्रेसचं उरलेलं कापड वापरून गोधडीसाठी नऊ तुकड्यांचे २४ ब्लॉक शिवून झालेत. काही साडेनऊ इंच भरतात, काही पावणेदहा. शेजारी शेजारी ठेवले की नुसती गिचमिड दिसते, कुठला ब्लॉक कुठे संपतो तेच कळत नाही. मैत्रीण म्हणते तिरके लाव, सासूबाई म्हणतात मधे पट्ट्या घाल. दिवाण ६ बाय ३ फुटांचा आहे. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: सासूबाईंचं ऐका! इतक्या प्रिंट एकत्र आल्या की डोळ्याला थांबायला जागा लागते आणि ती पट्टीच देते. आधी सगळे ब्लॉक साडेनऊवर आणा, पण जास्तीचं कापड चारी बाजूंनी सारखं काढा, नाहीतर मधला चौकोन सरकलेला दिसेल. पाव इंच शिलाई धरली की ब्लॉक नऊचा उरतो. पट्ट्या अडीच इंच कापा, शिवून दोनच्या होतील. चार बाय सहा मांडणी करून बाहेरूनही पट्टी फिरवली की ४६ बाय ६८ इंच होतं, त्यावर चार इंचांची बॉर्डर लावली की ५४ बाय ७६, दिवाणाला छान पुरेल.

आडव्या लांब पट्ट्यांवर मात्र ब्लॉक कुठे यायला हवेत त्या खुणा पेन्सिलीने करून घ्या, कारण वरच्या आणि खालच्या ओळीतल्या उभ्या पट्ट्या एका रेषेत आल्या नाहीत तर ते लगेच खुपतं. पट्टीचा रंग एकच ठेवा, प्लेन आणि शक्यतो गडद. ठरत नसेल तर दोन-तीन कापडांवर ब्लॉक मांडून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, ज्यात ब्लॉक उठून दिसतील ते घ्या.

तिरकी मांडणी दिसते सुंदरच, खोटं कशाला बोलू. पट्ट्या न घालता आळीपाळीने तीन आणि दोनच्या ओळी केल्या तर २३ ब्लॉक बसतात, पण माप ३८ बाय ६४ च होतं आणि कडेला त्रिकोण लागतात. त्यासाठी १४ इंचांचे तीन चौकोन दोन्ही कर्णांवर कापायचे, म्हणजे सरळ (उभा किंवा आडवा) धागा बाहेरच्या कडेला राहतो. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याची, कड बाहेर आली की ती ताणली जाते आणि गोधडी वाकडी होते. कोपऱ्यांना सव्वासात इंचांचे दोन चौकोन, एकाच कर्णावर कापून.

बॉर्डरला सुती साडीचा काठ लावा ना! साडेपाच मीटरच्या साडीला दोन काठ, म्हणजे ११ मीटर, तुम्हाला लागेल सव्वासहा. फक्त रंग जातो का ते ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून बघा, लाल-मरून असेल तर नक्कीच. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या बायका तर कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासूनच सुरू करून आत आत शिवत जातात आणि कोपऱ्यांना घडीचे त्रिकोणी 'फूल' लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. कोपरे मोकळे वाटले तर तसं काहीतरी लावून बघा.

प्रश्न: बॉर्डर लावली की कडा लाटांसारख्या होतात, इस्त्रीनेही बसत नाहीत. (वाचक, मडगाव)

उत्तर: तुम्ही पट्टी कडेला लावत लावत शिवून उरलेली कापत असणार. कड हाताळून सैल झालेली असते, म्हणून माप गोधडीच्या मधोमध घ्या, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तेवढ्याच कापा, आधी मध्य आणि दोन टोकं पिन करा, मग बाकीचं. थोडं जास्त झालेलं कापड मशिनवर खालच्या बाजूला ठेवा, ते आपोआप सामावतं.