तण समजून त्याने रोपंच उपटली आणि मी ओरडलो

पत्र असं आहे:

ताई, मला मुलगा १२ वर्षांचा आणि मुलगी ५ वर्षांची. घरामागे बऱ्यापैकी मोठं अंगण आहे. मी लहान असताना माझे वडील रविवारी मला सोबत घ्यायचे, तण काढायचं, पाला गोळा करायचा, झाडांना पाणी घालायचं, आणि बाबांच्या माझ्याकडे ज्या काही चांगल्या आठवणी आहेत त्या सगळ्या तिथल्याच. माझ्या मुलांबरोबर पण तसंच बॉण्डिंग व्हावं म्हणून मी नियम केला, दर रविवारी सकाळी दोन तास सगळ्यांनी अंगणात. सुरुवातीला बरं चाललं, मग मुलगा कुरकुर करायला लागला, काम अर्धवट टाकून आत पळायचा, त्याने झाडलेलं मला परत झाडावं लागायचं. मग मी तासाला पैसे द्यायचं ठरवलं, तर थोड्याच दिवसांत तो जास्त मागायला लागला. गेल्या महिन्यात त्याला वाफ्यातलं तण काढायला सांगितलं तर त्याने तणाबरोबर झेंडूची सगळी रोपं उपटून टाकली. मी शेजाऱ्यांसमोरच ओरडलो, एक काम धड जमत नाही तुला, असं बोललो. तेव्हापासून तो अंगणात पाय ठेवत नाहीये आणि माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मुलगी उलट सारखी मधेमधे येते, तिला आत पाठवावं लागतं. बायको म्हणते सोडून द्या, मुलांना नाही आवडत. जबरदस्ती करू की सोडून देऊ? त्याला गवत कापायचं मशीन चालवायचंय, ते हातात दिलं तर येईल का परत?

दादा,

आधी त्या झेंडूच्या रोपांचं बोलू, कारण बाकी सगळं तिथेच अडलंय.

बी रुजून वर येतं तेव्हा पहिली जी दोन पानं असतात ना, ती बऱ्याच झाडांची एकमेकांसारखीच दिसतात, छोटी, साधी, कडा सरळ. झेंडू ओळखू येतो तो त्याच्या पुढच्या पानांवरून, ती कातरल्यासारखी असतात आणि चुरगाळली की वास येतो. तुम्हाला हे न बघता कळतं कारण तुम्ही लहानपणापासून मातीत हात घातलाय. त्याला कोणी दाखवलं होतं? तुमच्या पत्रात कुठेच असं नाहीये की तुम्ही त्याच्या शेजारी उकिडवे बसलात, एका हातात रोप आणि एका हातात तण धरलंत आणि म्हणालात हे ठेवायचं, हे काढायचं. सांगितलं फक्त तण काढ.

आणि अजून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जातच नाहीये. हा तोच मुलगा ना जो एरवी काम अर्धवट टाकून पळतो? त्या दिवशी त्याने अख्खा वाफा साफ केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक काडी शिल्लक ठेवली नाही. म्हणजे इतक्या रविवारांमध्ये ज्या दिवशी त्याने खरंच मन लावून काम पूर्ण केलं, कदाचित बाबांना दाखवायला म्हणून केलं, नेमकं त्याच दिवशी त्याला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं की एक काम धड जमत नाही तुला. तो अंगणावर रुसलेला नाहीये दादा, त्याला लागलंय.

तर पहिलं काम म्हणजे त्याची माफी मागा. मोठ्याने लहानाची माफी मागितली की धाक राहत नाही असं अनेकांना वाटतं, मला ते अजिबात पटत नाही. घरात, तो एकटा असताना, दोन वाक्यांत सांगा, की मी त्या दिवशी ओरडलो ते चुकलं, रोप आणि तण कसं ओळखायचं हे मी तुला दाखवायलाच हवं होतं आणि तू वाफा पूर्ण साफ केलास ते मी बघितलंच नाही. बस. पुढे ‘पण’ जोडू नका, ‘पण तू सुद्धा लक्ष द्यायला हवं होतं’ वगैरे, आणि मुख्य म्हणजे लगेच चल मग रविवारी अंगणात असं म्हणू नका, नाहीतर माफी कशासाठी होती ते त्याला तिथल्या तिथे कळेल. तो कदाचित हं म्हणून निघून जाईल. जाऊ द्या.

आता तुमच्या बाबांकडे येते. तुम्ही त्या आठवणींबद्दल इतकं छान लिहिलंय, तर जरा आठवून बघा, ते तुम्हाला कशासाठी न्यायचे? मला तरी वाटतं अंगणात काम पडलेलं असायचं आणि त्यांना अजून दोन हात लागायचे. पाल्याच्या पोत्याचं तोंड कोणीतरी उघडं धरायला हवं असायचं, पाईप कोणीतरी सोडवायला हवा असायचा. तुम्ही खरोखर उपयोगी पडत होता आणि लहान पोराला ते आतून समजतं. जवळीक त्यातून आपोआप होत गेली, ती कोणी ठरवली नव्हती. आणि तुम्ही उलट बाजूने सुरुवात केलीत, आधी ठरवलं की जवळीक हवी आणि मग त्यासाठी दोन तासांचं टाइमटेबल आखलं. मुलाला मग असं वाटतं की इथे माझी गरज नाहीये, मला इथे सुधारायला आणलंय. त्यात त्याने झाडलेलं तुम्ही परत झाडता. तो आत गेला तरी खिडकीतून दिसतं ना त्याला? आपण केलेलं काम बाबा पुन्हा करतायत हे बघितल्यावर पुढच्या रविवारी नीट कशाला झाडायचं? चार पानं राहिली तर राहू द्या, वारा परत आणणारच आहे.

पैशांचं म्हणाल तर तो जास्त मागायला लागला यात मला काही आश्चर्य वाटलं नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांवर एक प्रयोग केला होता, ज्या मुलांना चित्र काढायला मुळातच आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत की सर्टिफिकेट मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली, आणि ज्यांना काही कबूल केलं नव्हतं त्यांची आवड तशीच राहिली. तुमचा मुलगा आवडीने येत होता असं मी म्हणत नाही, पण तुम्ही तासाचा दर लावलात तेव्हा रविवारची सकाळ म्हणजे विकायची वस्तू झाली, मग तो भाव करणारच. रोजच्या घरच्या कामाला पैसे नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. कधीतरी मोठं जादा काम असेल, कुंपण रंगवायचं वगैरे, तर त्याचे आधी ठरवून द्या, ते वेगळं.

आता धाकटी, जिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय आणि मला खरं तर तिची जास्त काळजी वाटते. २००६ साली वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की अगदी १८ महिन्यांची मुलं सुद्धा, मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली आणि त्याला ती घेता येत नसली तर उठून आणून देतात, कोणी बक्षीस देत नसताना. म्हणजे मदत करायची हौस मुलं घेऊनच येतात. फक्त त्या वयात त्यांची मदत म्हणजे आपल्याला दुप्पट काम, म्हणून आपण म्हणतो तू आत जा, खेळ, आणि बरोबर ज्या वयात त्यांना काम नीट जमायला लागतं तेव्हा हाका मारायला लागतो. मला तुम्हाला विचारायचंय, मोठा ५ वर्षांचा होता तेव्हा तो मधेमधे आला की त्याला कुठे पाठवत होता? मला उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

तिला उद्यापासून तिचं स्वतःचं काम द्या. कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकामे डबे, जिथे जिथे पाणी साचतं ते आठवड्यातून एकदा ओतून द्यायचं. हे खेळातलं खोटं काम नाहीये, साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याला पाणी ओतलं की डासांची ती पिढीच होत नाही. हे तिला सांगा, बघा कशी शोधून शोधून ओतते. सूर्यफुलाचं बी मोठं असतं, छोट्या बोटांना धरता येतं, ते तिच्याकडून लावून घ्या. छोटी झारी द्या पण मोठ्या झाडांपाशी, नव्या रोपांच्या वाफ्यात नको, तिथे ती पूर आणेल आणि तुम्ही परत ओरडाल. मधेच गांडूळ सापडलं आणि ती अर्धा तास तेच बघत बसली तर बसू द्या.

मोठ्यासाठी मी असं करेन की अंगणाचा एक तुकडा त्याला देऊन टाकायचा. खरा देऊन टाकायचा, म्हणजे तिथे काय लावायचं, कधी पाणी घालायचं, की काहीच करायचं नाही, हे तो ठरवणार, आणि तिथलं रोप सुकताना दिसलं तरी तुम्ही गुपचूप जाऊन पाणी घालायचं नाही. तुम्हाला जड जाईल हे मला माहितीय. काही लावायचं म्हणाला तर दोरी बांधून सरळ रेषेत बी पेरायला दाखवा, म्हणजे रेषेत उगवलं ते आपलं आणि रेषेबाहेरचं ते तण, परत गोंधळ व्हायची भीती कमी. मुळा लवकर येतो, बऱ्याच जाती महिन्याभरात, तेवढा धीर १२ वर्षांच्या मुलाला असतो. आणि झाडांमध्ये रस नसेलच तर पाल्याचा ढीग त्याच्याकडे द्या. साधारण मीटरभर लांब-रुंद-उंच ढीग, सुक्या पाल्याचे दोन-तीन भाग आणि ओल्या हिरव्या कचऱ्याचा एक भाग, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा, जमून आलं तर काही दिवसांत आतलं तापमान ५०-६० अंशांपर्यंत चढतं, हात घालवत नाही इतकं. एक लांब दांड्याचा थर्मामीटर आणून द्या आणि रोजचं तापमान लिहायचं काम त्याचं. ढीग थंड पडला तर का पडला, ओलावा गेला का, उलथायला हवाय का, हे त्याला शोधू द्या. तुम्ही विचारायला जायचं, आज किती झालं रे? आणि तो सांगेल ते ऐकायचं, म्हणजे कधी नव्हे तो एखाद्या विषयात तो तुमच्यापेक्षा जास्त जाणकार असेल.

दोन तास कमी करा. अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला, आणि ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी. तण काढायचं तर पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असते, मूळ सबंध हातात येतं आणि ते सबंध आलं की मुलांनाच काय मोठ्यांनाही बरं वाटतं. कोरड्या कडक मातीत तण उपटायला लावणं म्हणजे त्याला पहिल्या पाच मिनिटांत हरवायचं. आणि अंगणात लव्हाळा असेल तर त्याच्या गाठी खाली जमिनीत राहतात, वरून कितीही उपटा तो परत येतो, तेव्हा तू नीट काढलंच नाहीस असं कृपा करून म्हणू नका.

काम करताना बोलायचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीये पण मला वाटतं तिथेही अडतंय. शाळा, मार्क, मोबाईल हे तिन्ही विषय अंगणाच्या बाहेर ठेवा. या वयाची मुलं समोर बसवून विचारलं की काहीच नाही म्हणतात, पण शेजारी बसून दोघांचे हात मातीत आणि नजर खाली असली की मधेच काहीतरी बोलून जातात, मित्राशी झालेलं भांडण, एखादी भीती. त्यावेळी मान वर करून चौकशी सुरू करू नका, खुरपं चालू ठेवा, हं, मग काय झालं, एवढंच. आणि काहीच नाही बोलला तरी काही बिघडलं नाही.

जबरदस्ती की सोडून देऊ, तर बघा, १२ वर्षांच्या मुलाला घरात कामाचा वाटा असायलाच हवा, यावर मी वहिनींशी सहमत नाही, आवडत नाही म्हणून घरातलं काम सुटत नाही कोणाचंच. पण तो वाटा कोणता हे त्याला निवडू द्या, भांडी निवडली तर भांडी. अंगण आणि तुमची सोबत मात्र सक्तीची ठेवू नका. तुम्ही तुमच्यापुरते रविवारी जात रहा, धाकटीला घेऊन. काही आठवडे तो येणार नाही. आला तर आज कसा उगवलास असं चुकूनही म्हणू नका, पाईप दे जरा तिकडचा, इतकंच म्हणा.

मशीनचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की ढकलत चालवायचं गवत कापायचं मशीन १२ वर्षांच्या आत नको आणि वर बसून चालवायचं १६ च्या आत नको. म्हणजे वयात तो बसतो, पण आमिष म्हणून देऊ नका, तुमचं बोलणं सुरळीत झाल्यावर शिकवा. आधी दगड-काटक्या दोघांनी मिळून वेचायच्या, बंद बूट, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, मशीन मागे ओढायचं नाही, काही अडकलं तर पूर्ण बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि पहिले बरेच दिवस तुम्ही सोबत. दोघांचे टिटॅनसचे डोस वेळेवर झालेत का तेही बघून ठेवा. औषध फवारणी मुलांच्या हातात अजिबात नाही. आणि मशीन चालू असेल तेव्हा धाकटी घरात, ती कितीही रडली तरी, तेवढ्या वेळापुरतं तिला आत पाठवणं बरोबर आहे.

तुमची,
ताई