नंबर आमचा, गाडी भलत्याचीच

प्रश्न : आमची पांढरी पेट्रोल गाडी कळव्यात सोसायटीत उभी असताना पाम बीच रोडवर वेगमर्यादा ओलांडल्याचं ई-चलन आलं. फोटोत नंबर आमचा, गाडी राखाडी. दंड भरून मोकळं व्हावं का?

उत्तर : मुळीच नाही. दंड भरला की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, आणि उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

आजच सोसायटीच्या सीसीटीव्हीचं त्या वेळेचं चित्रीकरण काढून घ्या. जुनं चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, बहुतेकांची फसगत इथंच होते. गाडी हललीच नाही या पुराव्यासाठी फास्टॅगवर विसंबू नका. ऐरोली, वाशी, मुलुंडच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४पासून हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे तिथली नोंद सापडणार नाही. मग चलनातला फोटो आणि तुमच्या गाडीचे पुढून-मागून काढलेले फोटो शेजारी ठेवा. रंग, मॉडेल, आरसे, बंपरवरचे ओरखडे यांतला फरक लिहून काढा. आरसीची प्रत जोडून वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर तक्रार नोंदवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

बनावट नंबर लावणं म्हणजे नुसता वाहतूक नियमभंग नव्हे. फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६(३)खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. ‘दादा’ वाचता येईल असा ४१४१ रंगवणाऱ्याला मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७खाली पहिल्यांदा ५०० रुपयेच. आमच्या मते हा दंड फार तोकडा आहे, कारण वेडीवाकडी अक्षरं कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत.

प्रश्न : बसवलेली एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) खरी आहे हे कसं ओळखावं? (घणसोली)

उत्तर : डावीकडे वर २० मिलिमीटरचं अशोकचक्राचं होलोग्राम, खाली लेसरनं कोरलेला क्रमांक. पुढच्या आणि मागच्या प्लेटचे हे क्रमांक वेगळे असतात. दोन्हींवर एकच असेल तर संशय घ्या. उठावाच्या अक्षरांवर तिरपं ‘इंडिया’ दिसायला हवं. चारचाकीच्या काचेवर आतून स्टिकर लागतो : पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्लेट गाडीला जखडणारं स्नॅप लॉक. ते एकदा काढलं की तुटतं. तिथं साधा स्क्रू दिसला तर प्लेट कुणीही काढून दुसऱ्या गाडीला लावू शकतो. रस्त्याकडेच्या दुकानातली ‘सेम टू सेम’ प्लेट सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीत नोंदलेलीच नसते, ती घेऊ नका. जुनी प्लेटही भंगारात अख्खी देऊ नका, मधोमध कापूनच द्या.