आजीच्या डब्यातला रुपया आणि नोट

प्रश्न : आजी गेल्यावर तिच्या पितळी डब्यात पंचम जॉर्जचा १९१२चा चांदीचा रुपया आणि हजाराची जुनी नोट सापडली. नोटेवर गव्हर्नरच्या सहीनिशी 'अदा करने का वचन देता हूँ' असं छापलंय. मग ते वचन गेलं कुठे? आणि यातला खरा पैसा कोणता?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : जानेवारी २०१७मध्ये मी बँकेत कॅश काउंटरला होतो. एक आजी पदराच्या गाठीतून हजाराच्या चार नोटा घेऊन आल्या. कागद बोटांच्या ओळखीचा, तार जागेवर, उजेडात धरल्यावर गांधीजी दिसत होते. महिनाभर आधी मी त्या खात्यात जमा करून घेतल्या असत्या. त्या दिवशी परत दिल्या. नोटाबंदीनंतर जुन्या नोटा भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली होती, आणि पुढे २०१७च्या कायद्याने त्या नोटांची रिझर्व्ह बँकेवरची जबाबदारीच संपवली. वचन गेलं ते तिथे. (एक रुपयाची नोट मिळाली तर पाहा. तिच्यावर वित्त सचिवांची सही असते, वचन नसतंच. ती सरकारची नोट.)

रुपया मात्र खरा, असं तुम्हाला वाटत असणार. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना तोळा; बारा भागांत अकरा भाग चांदी. १८९३पर्यंत कुणीही चांदी मुंबईच्या टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेई. त्या साली सरकारने ते बंद केलं. पुढे रुपया इंग्लंडच्या सोळा पेन्सला बांधला गेला, पण चांदीचा भाव बराच उतरलेला. त्यामुळे १९१२त हा रुपया कुणाच्या कनवटीला असेल, तेव्हा त्यातली चांदी रुपयाहून चांगलीच स्वस्त होती. वरची किंमत राजाच्या छापाची. लोक दगडावर वाजवून घेत ते नाणं खोटं नाही ना एवढंच बघायला. छापावरचा विश्वास काही वाजत नाही!

आज छापाला कुणी विचारत नाही, चांदी मात्र रुपयाच्या कितीतरी पट महाग. तरी त्या रुपयावर बार्शीच्या स्टँडवर चहा मिळणार नाही. पैसा म्हणून तुमच्या डब्यातले दोघेही संपलेत.

नोट राहू द्या, अशा दहापर्यंत नोटा बाळगायला कायद्याची हरकत नाही. रुपया विकायचाच तर सराफाआधी नाणी जमवणाऱ्याला दाखवा. आणि चिंचेने घासू नका. मी लक्ष्मीपूजनाला घरचे दोन कलदार, म्हणजे असेच चांदीचे रुपये, लखलखीत केले होते. घेणाऱ्याने नुसता चांदीचा भाव सांगितला.