बाळ झोपते, मी मात्र जागीच

प्रश्न : बाळंतपण होऊन सात आठवडे झाले आहेत आणि सध्या मी माहेरी, कोकणातल्या एका वाडीत आहे. रात्री बाळ शांत झोपले तरी माझा डोळ्याला डोळा लागत नाही, पाजताना उगाच रडू येते आणि आपल्याकडून बाळाचे नीट होत नाही, असेच वाटत राहते. आई म्हणते, ‘ओल्या बाळंतिणीने रडू नये, दूध आटते.’ मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे तर अख्खा दिवस मोडतो. मोबाइलवरून अशा त्रासावर खरोखर उपचार होतात का?
– एक वाचक

उत्तर : होतात, ताई, आणि त्यांना आता उशीर करू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होणारे रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. आपल्याला सात आठवडे झाले आहेत, आणि बाळ झोपलेले असतानाही झोप न येणे हे बाळाच्या जागरणाहून वेगळे आहे. हे प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. तो आजार आहे, आपल्या आईपणातली उणीव नव्हे.

मानसिक त्रासासाठी फोनवरून मदत देणारी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते, आणि गरज भासल्यास समुपदेशक पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. आई बाळाला पायांवर घेऊन तेल लावते, न्हाऊ घालते, तेवढा वेळ फोनसाठी राखून ठेवा. तज्ज्ञ कदाचित प्रसूतीनंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी, १९८७ साली तयार झालेली एडिनबरो प्रश्नावली विचारतील. तिच्यातले दहाही प्रश्न मागच्या सात दिवसांबद्दलच असतात आणि त्यांत झोपेचाही प्रश्न आहे. ती एकटीने सोडवून गुणांवरून स्वतःच निदान करू नका. थायरॉइडच्या बिघाडानेही असाच थकवा येतो, म्हणून रक्त तपासायला सांगितले तर टाळू नका. अंगावर पाजत असल्याचे आवर्जून सांगा. नैराश्यावरची सर्ट्रालिनसारखी काही औषधे दुधात अत्यल्प उतरतात, त्यामुळे उपचारासाठी बाळाचे अंगावरचे दूध तोडावे लागतेच असे नाही.

मात्र स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा घरच्यांविषयी भलताच संशय वाटू लागला, तर फोनवर विसंबू नका; कुणाला तरी सोबत घेऊन त्याच घटकेला रुग्णालय गाठा.

रडल्याने दूध आटत नाही. दुसऱ्या वेळी फोन कराल तेव्हा आईंनाही शेजारी बसवा आणि हे त्यांना तज्ज्ञांच्याच तोंडून ऐकू द्या.