उशीतला फायबर, हेडफोन आणि साउंड इंजिनिअरिंगची फी

पत्र नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका आईचं आहे, बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात देते. मुलगा अकरावी सायन्सला. दिवाळीत त्याने ऑनलाइन ४० मिमीचे दोन ड्रायव्हर (हेडफोनमधले छोटे स्पीकर) मागवले आणि जुन्या तुटक्या हेडफोनच्या वाट्या वापरून स्वतःचे हेडफोन जोडले. जोडून झाले तरी पोरगं थांबेना. रोज उघडतो, आत कधी कापूस, कधी फोम, कधी उशीतला फायबर भरतो, परत बंद करतो आणि आईच्या कानाला लावून विचारतो, "आता सांग, डब्यात बोलल्यासारखं वाटतंय का?" इकडे युनिट टेस्टला फिजिक्सचे मार्क घसरले. बाबा म्हणतात गुमान कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे. मुलाला बारावीनंतर मुंबईच्या एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटमध्ये साउंड इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचाय, फी काही लाखांत, आणि तिथून 'सीट ब्लॉक करा' म्हणून फोनही यायला लागलेत. ताई विचारतात, बारावी होईपर्यंत हे सगळं सामान माळ्यावर टाकू का?

नमस्कार ताई,

माळ्यावर नका टाकू. आणि त्या इन्स्टिट्यूटचंही इतक्यात नका मनावर घेऊ. माझ्या मते दोन्ही बाजूंनी घाई होतेय.

तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात, की "गाणी तर तो ऐकतच नाही, एकाच गाण्यातला तोच तुकडा परत परत लावतो". ताई, सगळं उत्तर तिथेच आहे बघा. ज्याला स्टुडिओत जायचं असतं ते पोट्टं गाणी ऐकतं, कुणाच्या तरी बँडचं रेकॉर्डिंग करायला धावतं, गणपतीत साउंडवाल्याच्या मिक्सरजवळ जाऊन उभं राहतं. तुमचा मुलगा यातलं काहीच करत नाहीये, तो फेल्ट (दाबलेल्या तंतूंचं जाड कापड) आणि टेप घेऊन बसलाय. त्याला ओढ आहे ती पदार्थाची, कोणत्या पदार्थाने आवाज कसा बदलतो याची. 'साउंड' हा शब्द दोन्हीकडे आहे म्हणून त्याला वाटतंय की तो डिप्लोमा म्हणजे हेच. तिथे मुख्यतः रेकॉर्डिंग, मिक्सिंग, माइक कुठे ठेवायचा, सॉफ्टवेअर कसं चालवायचं हे शिकवतात. चांगलं काम आहे ते, त्यात वाईट काहीच नाही, फक्त त्याचे हात सध्या जे करतायत ते वेगळं आहे.

तो करतोय काय हे तुम्हाला आणि भाऊंना, म्हणजे त्याच्या बाबांना, कळावं म्हणून सांगते. ड्रायव्हरचा पडदा पुढे आवाज फेकतो तसाच मागेही फेकतो, मागचा आवाज बंद वाटीच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि पातळ पडद्यातून कानाकडे शिरतो, मग काही ठरावीक सूर उगाच फुगतात आणि ते तुमचं डब्यासारखं वाटणं सुरू होतं. कापूस किंवा फेल्टच्या बारीक तंतूंमधून हवा हलताना घासली जाते, आवाजाची ऊर्जा कणभर उष्णतेत बदलते आणि परत येत नाही. याला डॅम्पिंग म्हणतात. कंपन्या पण हेच करतात, एखादा महागडा हेडफोन उघडला तर आत फेल्टची चकती किंवा जाळीदार कागदाचा तुकडा दिसतो, तो शोभेला नसतो.

आता पुढचा भाग त्याला वाचायला द्या.

अरे, तू आईला लिहायला लावलंयस की बास कमी वाटतो म्हणून अजून कापूस भरला. त्याने काही होणार नाही बाप्पा. तंतूंचा पदार्थ आवाज नीट शोषतो तेव्हा त्याची जाडी तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास लागते. १० किलोहर्ट्झला तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटरच्या आत, म्हणजे चौथा हिस्सा साडेआठ मिलिमीटर, तिथे तुझा फेल्ट मस्त काम करतो. १०० हर्ट्झला तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर, तुझ्या वाटीत मावणारा कुठलाच कापूस तिथे शोषणाचं काम करू शकत नाही. उलट कोंबत गेलास की वरचे सूर मरतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. बास बघायचा तर आधी पॅड बघ, कानाभोवती कुठे फट राहते का. चष्मा लावत असशील तर काडीमुळे पॅड उचलला जातो आणि बास तिथूनच गळतो, चष्मा काढून एकदा ऐक, लगेच कळेल. मग ड्रायव्हरच्या पाठीमागची बारीक छिद्रं बघ, त्यावर मेडिकलमध्ये मिळते ती पेपर टेप लावून हवा किती अडवायची यावर खालचे सूर बरेच बदलतात. एका वेळी एकच छिद्र, आणि डावी-उजवी दोन्ही बाजू सारखी.

आणि फोम भरणं वेगळं, वाटीच्या प्लास्टिकला आतून ब्यूटाइल रबराची शीट चिकटवणं वेगळं (कार डेकोरवाले दाराला लावतात तीच, त्यांच्याकडे कापलेले तुकडे मागितले तर बरेचदा फुकट देतात). प्लास्टिक स्वतः थरथरतं ना, त्यावर नुसतं वजन लावलं की थरथरण्याची फ्रिक्वेन्सी खाली सरकते, आणि ब्यूटाइलसारखा चिकट-लवचिक पदार्थ लावला की थरथर लवकर विझते. ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेव. वजनाने काय होतं ते बघायचं असेल तर तबला बघ, मधली शाई म्हणजे कातड्यावर मुद्दाम ठेवलेलं वजनच आहे, आणि त्यामुळे तबल्याचे वरचे सूर एकमेकांशी जुळतात हे सी. व्ही. रामन यांनी दाखवलं, त्यावरचं त्यांचं टिपण १९२० साली 'नेचर'मध्ये आलं होतं. गांधीसागरजवळच्या ज्या रमण सायन्स सेंटरला शाळेने तुला सहलीला नेलं असेल ते त्यांच्याच नावाचं, आणि अकाउंट्सच्या सरकारी नोकरीत ते काही काळ नागपूरलाही होते. प्रकाशावर नोबेल मिळालं म्हणून लोक आवाजावरचं त्यांचं काम विसरतात, मला ते जास्त आवडतं, पण ते असो.

आता खरी गोष्ट. तुझ्याकडे बदल खूप आहेत आणि नोंद एकही नाही. आईला ऐकवून "छान" मिळवायचं बंद कर, ती आई आहे, ती छानच म्हणणार. शिवाय थोडा मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो, आणि आपण तासभर खपून काही बदललं असेल तर ते सुधारलंय असंच कानाला वाटतं. म्हणून मोज. एका जाड फळीला भोक पाडून छोटा माइक पृष्ठभागाशी सपाट बसव, हेडफोन त्यावर दाबून ठेव, लॅपटॉपवर आरईडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाक आणि स्वीप (खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा आवाज) घे. मग काहीही न बदलता हेडफोन उचलून परत ठेव आणि परत स्वीप घे, असं चार-पाचदा. ग्राफ दरवेळी थोडा हलेल, नुसत्या ठेवण्यातल्या फरकाने. तुझ्या फेल्टने होणारा फरक त्या हलण्यापेक्षा मोठा असेल तरच तो फरक, नाहीतर तू टेबलावर हेडफोन कसा ठेवला तेच मोजतोयस. फळीवरचा ग्राफ नेटवरच्या ग्राफशी लावून बघू नको, ते लोक कानाच्या आकाराचे महागडे कपलर (मोजायचे कृत्रिम कान) वापरतात. तुझा आधीचा आणि तुझाच नंतरचा, इतकंच. वहीत तारीख, पदार्थ, जाडी, कुठे लावला, ग्राफचा नंबर. डायरी म्हणून कथा लिहू नको.

आणि ग्लास वूल अजिबात नको, ते तंतू कातडीत आणि श्वासात जातात. रबरवालं ॲडहेसिव्ह खिडकी उघडी ठेवून वापर. आवाज कमी ठेव, जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते आणि मुलांसाठी ७५, ज्याला कानावरच काम करायचंय त्याने तर जपायलाच पाहिजे.

हां ताई, आता तुमच्याशी परत.

या आवडीला पुढे नोकरी आहे का हा तुमचा खरा प्रश्न. आहे, पण हेडफोन बनवायची नोकरी म्हणाल तर आपल्याकडे फार थोड्या, खोटं कशाला सांगू. पण आवाज आणि थरथर कमी करायचं काम भरपूर ठिकाणी आहे, गाड्यांच्या धंद्यात त्याला एनव्हीएच (नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस) म्हणतात. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत त्याची लॅब आहे, गाड्या आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांना ते लागतंच, आणि ट्रॅक्टर तर आपल्या हिंगण्यात बनतात. रॉकेटच्या टोकाच्या कवचात सॅटेलाइट असतो, उड्डाणाच्या आवाजाने त्याचं नुकसान होऊ नये म्हणून कवचाला आतून आवाज शोषणारे थर लावतात, आणि बंगळुरूच्या एनएएल या विमान-संशोधनाच्या सरकारी प्रयोगशाळेत सॅटेलाइट मुद्दाम प्रचंड आवाजात ठेवून तपासायची मोठी खोली आहे. बंद कवच, आत आवाज, आतून लावलेला मऊ थर. तुमच्या घरात टेबलावर जे चाललंय ते तेच आहे, फक्त आकार लहान. तुम्ही कधी पेंचमार्गे शिवनीला गेला असाल तर जंगलात हायवेच्या कडेला उंच भिंती दिसल्या असतील, प्राण्यांपर्यंत गाड्यांचा आवाज आणि उजेड जाऊ नये म्हणून, तेही याच विषयातलं काम.

इथे पोचायचा रस्ता साधा आहे, अगदी बोअरिंग म्हणा. बारावीला पीसीएम, मग मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री. व्हीएनआयटी हे केंद्र सरकारचं इंजिनिअरिंग कॉलेज गावातच आहे, जेईई मेनमधून, आणि निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात. नाही जमलं तर एमएचटी-सीईटीतून बाकी कॉलेजेस आहेतच. आणि एक पर्याय जो नागपूरचे पालक विचारातच घेत नाहीत तो म्हणजे एलआयटी, आपलं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट. १९४२ पासूनची संस्था, प्लास्टिक आणि पॉलिमर शिकवायची जुनी परंपरा, आणि तुमचा मुलगा ज्या फोम-रबराशी खेळतोय ते सगळं पॉलिमरच. त्याला एकदा तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना भेटवून आणा, फेल्टचे तुकडे आणि वही सोबत न्यायला सांगा. अकूस्टिक्स हा वेगळा विषय म्हणून पुढे एमटेकला घेता येतो, बंगळुरूच्या आयआयएससीत आणि जुन्या आयआयटींमध्ये यावर काम चालतं.

आणि समजा तीन-चार वर्षांनी त्याला खरंच सिनेमाच्या आवाजातच जायचं असलं तर? पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचा साउंडचा कोर्स तीन वर्षांचा आहे आणि त्याला आधी ग्रॅज्युएशन लागतं. म्हणजे डिग्री केल्याने ते दार बंद होत नाही. श्रवणयंत्रं आणि ऐकण्याचे आजार याकडे वळायचं असलं तर म्हैसूरला वाक् आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, ऑडिओलॉजीची डिग्री बारावीनंतर होते. मला वाटतं तो तिकडे जाणार नाही, पण नाव कानावर असू द्या.

भाऊंचं कॉम्प्युटर पण अगदीच चुकीचं नाहीये हो. आजकाल आवाजाचं निम्मं ट्यूनिंग चिपमधल्या गणिताने होतं, नॉइज कॅन्सलेशनमध्ये तर बरंचसं. त्यामुळे घरात 'हेडफोन की कॉम्प्युटर' असं भांडण लावू नका, सुट्टीत त्याला पायथॉन शिकू द्या आणि आपलेच ग्राफ त्यात काढू द्या, भाऊ खूश आणि तोही.

मार्कांचं म्हणाल तर त्याला फिजिक्स येत नाही असं मला वाटत नाही, तो पेपर आणि टेबल यांचा संबंध लावत नाहीये. अकरावीच्या पुस्तकात 'साउंड' हा धडाच आहे, बारावीला 'ऑसिलेशन्स' आणि 'सुपरपोझिशन ऑफ वेव्हज' आहेत, डॅम्पिंगचं समीकरण तिथेच आहे. हे तीन धडे त्याने त्याच्या वहीशेजारी ठेवून वाचले तर बघा. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात, म्हणजे आत्ताचं घसरणं भरून निघतं, पण बारावीत जाऊ दिलं तर नाही निघणार. सामान रविवारी दुपारी निघेल, संध्याकाळी आवरलं जाईल, बाकी दिवस वही फक्त वाचायला. परीक्षेच्या आधीचे दोन महिने ते पण बंद. हे तुम्ही सांगू नका, भाऊंनी सांगावं, कारण विरोध त्यांचा आहे हे पोराला माहितीये आणि रविवारची परवानगी त्यांच्या तोंडून आली तर तो बाकीचं ऐकेल.

राहिले ते फोन. त्या इन्स्टिट्यूटला तीन गोष्टी लेखी विचारा: डिप्लोमाला मान्यता कुणाची आहे, मागच्या बॅचची मुलं आज कुठे काम करतायत, आणि सीट ब्लॉकचे पैसे परत मिळतात का आणि किती दिवसांत. उत्तर ईमेलवरच घ्या. फोनवरच्या माणसाने "मॅडम, ऑफर उद्यापर्यंतच आहे" म्हटलं तर बारावीचा निकाल लागल्यावर फोन करा म्हणून ठेवून द्या.

कळवत राहा.

— तुमची ताई, करिअर कट्टा

ता.क. ग्राफ काढले की मला पाठवायला सांगा त्याला, आधीचा आणि नंतरचा दोन्ही, आणि हेडफोन उचलून ठेवलेले चार-पाचही.