ओढाळ खंड्या

प्रश्न : डॉक्टर, आमचं घर ओवळ्यात, घोडबंदर रोडपासून आत, डोंगराच्या अंगाला आहे. सासऱ्यांच्या वीस गुंठे जागेत सतरा शेळ्या पाळल्यात, बहुतेक उस्मानाबादी. येऊरच्या बाजूने बिबट्या उतरतो म्हणून राखणीला कुत्रा हवा होता. भिवंडीकडे मेंढ्या घेऊन उतरलेल्या धनगरांकडून गेल्या उन्हाळ्यात पिल्लू आणलं. नाव खंड्या, आता दहा महिन्यांचा आहे. शेळ्यांना बिलकूल त्रास देत नाही, पण आवारात ठरतच नाही. चार फुटी जाळी आहे. रात्री शेळ्या गोठ्यात बंद करतो आणि खंड्याला आवारात मोकळा सोडतो. दोन-तीन दिवसांआड पहाटे तो गायब होतो. एकदा तर मेन रोडच्या दुभाजकावर उभा सापडला. समोरच्या टॉवरमधून तक्रारी येतात. परत आला की मिस्टर चपलेने मारतात, तरी फरक नाही. सासूबाई म्हणतात साखळीला बांधा, दीर म्हणतात भिंत घाला. नसबंदी केली तर कुत्रा मवाळ होईल, हे मात्र सगळेच म्हणतात. काय करू?
— एक वाचक, ओवळा, ठाणे

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना सांगा, चप्पल पायातच राहू दे. खंड्या चारला गेला, सातला परत आला आणि सातला मार खाल्ला. त्याच्या हिशेबात मार पळण्याचा नाही, घरी येण्याचा आहे. आणखी चार वेळा असं झालं की तो फाटकापाशी येऊन उभा राहील आणि हाक मारली की मागे सरकेल. त्या रस्त्यावर रात्रभर ट्रक चालतात. तिथे हाकेला न येणारा कुत्रा फार दिवस टिकत नाही. परत आला की भाकरीचा तुकडा द्या. राग गिळा.

आता तो का जातो ते बघू. धनगर रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावतो, पण कुत्रा त्या वाघरीच्या बाहेर मोकळा असतो. खंड्याच्या आईबापांनी जन्मात कुंपण मानलेलं नाही. त्यांची हद्द म्हणजे कळपाभोवती जिथवर कान आणि नाक पोचतं तिथवर. खंड्या घर सोडून पळत नाहीये, तो तुमची हद्द वाढवतोय! पहाटे खालच्या पाड्यात कुत्री भुंकली की यालाही जाब विचारायला जायचं असतं. त्यात वय दहा महिने, म्हणजे दहावीतला मुलगा. अंग वाढलंय, अक्कल यायची आहे. राखणीचे कुत्रे दीड-दोन वर्षांचे झाल्यावर कुठे भरवशाचे होतात.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. शेळ्या गोठ्यात बंद आणि खंड्या बाहेर. ज्यांना राखायचं ते दाराआड आणि राखणदार एकटा वीस गुंठ्यांत. तो तिथे थांबणार कशासाठी? शिवाय बिबट्याचं म्हणाल, तर संजय गांधी उद्यानाच्या कडेच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्रे मोठ्या प्रमाणात असतात. एकटा, दहा महिन्यांचा कुत्रा त्याला थोपवत नाही. बिबट्यापासून शेळ्या वाचतात त्या गोठ्याच्या छपराने आणि पक्क्या दाराने. कुत्र्याचं काम आधी भुंकून तुम्हाला उठवणं, एवढंच समजा. त्याला आजपासून गोठ्यातच झोपवा. एका कोपऱ्यात फळ्या लावून त्याची जागा वेगळी करा, म्हणजे शेळ्या दिसतील, वास येईल, पण करडांशी दांडगाई करता येणार नाही. या वयात तो खेळता खेळता करडू लोळवतो, आणि त्याचा खेळ करडाच्या जिवावर बेतू शकतो. माझा अंदाज आहे, तुमच्या पहाटेच्या फेऱ्यांपैकी बऱ्याच इथेच थांबतील.

दिवसासाठी मात्र कुंपण लागेलच. भिंतीचं म्हणाल तर माझीच फजिती सांगतो. नोकरीत नवीन असताना मुरबाडकडे एका शेतकऱ्याला मी मोठ्या ऐटीत सांगितलं, मागच्या बाजूला सहा फुटी भिंत घाला. त्याने कर्ज काढून घातली. तिसऱ्या दिवशी त्याचा कुत्रा भिंतीला टेकून रचलेल्या पेंढ्याच्या उडवीवर चढला आणि रुबाबात पलीकडे उतरला. त्या माणसाने पुढे मला चहासुद्धा विचारला नाही. तेव्हापासून मी उंचीचं बोलण्याआधी कडेने चालत जातो. उडवी, पाण्याचा पिंप, गव्हाण, चिऱ्यांचा ढीग, जे जे जाळीजवळ असेल ते पाच-सहा फूट आत घ्या.

मग चुलीतली राख आणा आणि जाळीच्या आतून पट्टा ओढा. सकाळी पावलं दिसतील. तुमची जागा चौकोनी धरली तरी घेर 590 फुटांच्या आसपास जातो. सगळीकडे पैसे ओतू नका. कुत्र्याच्या ठरलेल्या दोन-तीन जागाच असतात. बहुतेक वेळा एक जागा म्हणजे पावसाचं पाणी बाहेर जायचं तोंड. ते दगडांनी बुजवू नका, पुढच्या जुलैत आवाराचा तलाव होईल. तिथे वरून बिजागरीवर लटकणारी गजांची झडप बसवा. पाण्याच्या रेट्याने ती बाहेर उघडते, एरवी आपल्या वजनाने मिटते. कुत्रा आतून ढकलू नये म्हणून पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत बाहेरून खिट्टी घाला.

जिथे तो उकरतो तिथे दोन फूट रुंदीची वेल्डमेश (वेल्डिंग केलेल्या तारांची ताठ जाळी) आतल्या बाजूने जमिनीवर आडवी टाका, जाळीच्या खालच्या कडीला बाइंडिंगच्या तारेने बांधा आणि वर मुरूम, दगड दाबा. कुत्रा जाळीच्या अगदी बुडाशीच उकरतो. दोन फूट मागे सरून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. (आपल्या उन्हाळ्यात कुत्रा नुसता गारव्यासाठीही खड्डा करतो. त्याला आंब्याखाली ओल्या मातीची एक हक्काची जागा द्या.) वरून जात असेल तर जाळीच्या माथ्यावर फूटभर जाळी आतल्या अंगाला तिरकी बसवा.

तरीही ऐकलं नाही तर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा हलका झटका सोडणारं यंत्र. आतून एक तार जमिनीपासून आठ इंचांवर, दुसरी वीस इंचांवर. पहिला झटका तुम्ही समोर असताना, तो नाकाने तार हुंगायला गेल्यावर बसला पाहिजे. अर्धं अंग बाहेर गेल्यावर बसला तर तो पुढेच उडी मारतो, आणि मग बाहेरून आत यायलाही घाबरतो. पावसाळ्यात तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून विळा हाताशी ठेवा. आणि दिरांना आत्ताच बजावा, मीटरवरून थेट लाईन तारेत सोडायची नाही. त्याने माणसं मेलेली आहेत.

साखळीबद्दल सासूबाईंची काळजी समजते. पण दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही, नुसता चिडका होतो. जाळीजवळ बांधला तर उडी मारून पलीकडे लटकण्याची भीती वेगळीच. दुरुस्ती होईपर्यंत दोन खांबांमध्ये तार ताणून धावती साखळी करा, कुंपणापासून लांब. तुमच्या सासऱ्यांना लोढणं आठवत असेल, ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवायचो ते लाकूड. कुत्र्याच्या पट्ट्याला हातभर लांबीची हलकी आडवी काठी लटकवली की फाटकाच्या फटीतून तो जात नाही. पण हे फक्त दिवसा, कोणीतरी घरात असताना. काठी कुठे अडकली तर गळफास बसेल.

नसबंदी जरूर करा, पण वर्ष उलटू द्या. मोठ्या हाडाच्या कुत्र्याला सव्वा-दीड वर्षाला केलेली बरी. राखण ही त्याच्या रक्तात आणि सवयीत आहे, ती अंडाशयात नसते तशी वृषणातही नसते. नसबंदीने कमी होतं ते माजावर आलेल्या कुत्रीमागे जाणं. जडलेली सवय तिने जात नाही, म्हणून कुंपण आधी.

सकाळ-संध्याकाळ त्याला दोरीने धरून कुंपणाच्या आतून पूर्ण फेरी मारा. प्रत्येक कोपऱ्यावर थांबा, त्याला मुतू द्या, हुंगू द्या. हद्द त्याला हुंगून कळते. ही फेरी मिस्टरांनी मारली तर चपलेची भरपाईही होईल. खायला नुसती दूधभाकरी घालत असाल तर त्यात अंडं, उकडलेलं चिकन वाढवा. पोट अर्धं असलं की पाय चिकन सेंटरच्या कचऱ्याकडे वळतात.

टॉवरवाल्यांसाठी एकच सांगतो. रेबीजची लस, महापालिकेचा परवाना आणि पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर हे तिन्ही तयार ठेवा. जनावर आवरण्यात हयगय झाली आणि कोणाला गंभीर दुखापत होण्याचा धोका उभा राहिला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 मालकालाच धरतं. पावसाळ्याआधी लेप्टोची (घुशी-उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या आजाराची) लसही टोचून घ्या, तुमच्याकडे घुशी कमी नसणार.

प्रश्न : ऐरोलीत आमचं रो-हाऊस आहे. अंगणात राखणीला हिमालयातलं बखरवाल पिल्लू आणावं का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नको. त्या केसांना मे महिन्यातली ऐरोली सोसणार नाही, आणि रात्रभर भुंकणं हेच ज्याचं काम, त्याचं भुंकणं शेजाऱ्यांना सोसणार नाही. शेळ्या पाळल्यात का तुम्ही? नाही ना? मग तो राखणार काय, ॲक्टिव्हा?